भट्टी पेटती, संप शून्य

श्रम खात्याच्या सांख्यिकी विभागातल्या उपसंचालकांना सगळं खातं पाठीमागे शून्यराव म्हणायचं, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण त्याचा त्यांना राग नव्हता. कुणी चुकून तोंडावर म्हणून गेलंच, तर ते चष्मा पुसत हसायचे. देशात वर्षभरात किती संप झाले ते मोजायचं आणि परदेशातल्या एका मोठ्या संस्थेला कळवायचं, एवढंच त्यांचं काम. गेली कित्येक वर्षं ते एकच कळवत आले होते: एकही नाही. बाकीच्या देशांचे रकाने आकड्यांनी तुडुंब भरलेले, आणि आपल्या रकान्यात ते गोल गरगरीत शून्य एकटं बसलेलं, हे पाहिलं की त्यांना पोटभर जेवल्यासारखं वाटायचं.

आता देशात खरोखरच कुणी संप करत नव्हतं, असं समजायला तुम्ही काही दुधखुळे नाही. संप व्हायचे, आणि चांगले दणकून व्हायचे. पण संप होणं वेगळं आणि मोजला जाणं वेगळं, आणि या दोन्हींच्या मधल्या दारात शून्यराव पाय पसरून बसले होते. तरुणपणी त्यांनी स्वतः संपाची एक व्याख्या लिहिली होती: ज्या ठिकाणी एकूण एक प्रक्रिया बंद पडली असेल, तिथेच संप झाला असं मानावं. वाचायला किती निरुपद्रवी! पण त्या एका वाक्याने भल्याभल्यांचे संप गिळले. बेकरीचे कामगार रस्त्यावर येऊन बसले, तेव्हा आत परातीतलं पीठ फुगत होतं. म्हणजे प्रक्रिया चालू. दूध डेअरीत माणूस नव्हता, पण शीतगृह घरघरत होतं. धोबीखान्यात तर सगळं चिडीचूप होतं, तेव्हा शून्यराव स्वतः जाऊन आले आणि दोरीवरचे कपडे वाळत आहेत, असा शेरा मारून परत आले. ती व्याख्या लिहिल्याबद्दल त्यांना बढती मिळाली होती.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण कायद्यात एक मेख होती. ज्या संपाची या विभागात नोंद होईल, त्यासाठी सरकारला मध्यस्थ नेमावा लागे, आणि त्याचा निकाल येईपर्यंत मालकाला कुणालाही कामावरून काढता येत नसे. नोंद झाली नाही, तर ती माणसं संपावर नसून नुसतीच गैरहजर. आणि गैरहजर माणसाला हाकलायला मालकाला कुणाची परवानगी लागत नाही. त्या गरगरीत शून्याखाली माणसं चिरडली जात होती. शून्यरावांना ती कधी दिसली नाहीत, कारण त्यांतलं कुणी त्यांच्या नात्यातलं नव्हतं.

मग त्यांच्या मेव्हण्याने संप केला.

मेव्हण्याला घरीदारी सगळे फुंक्या म्हणायचे. काचेच्या कारखान्यात लांब नळीच्या टोकाला वितळलेली काच घेऊन, गाल फुगवून, तो चंबू आणि बरण्या फुंकायचा. भट्टीच्या तोंडासमोर एक फेर उभं राहिलं की थोडा वेळ बाहेर येऊन बसायचं, पाणी प्यायचं, छाती मोकळी करायची, असा त्या कारखान्यात आजोबा-पणजोबांपासूनचा रिवाज. नव्या मालकाने ती विश्रांती काढून टाकली. फुंकणारे चक्कर येऊन पडू लागले, फुंक्याच्या खोकल्यातून रक्त पडलं, आणि सगळा कारखाना दाराबाहेर येऊन बसला. विश्रांती परत द्या, एवढीच मागणी. पैशाचं कुणी नावही काढलं नव्हतं.

आईच्या माघारी फुंक्याला त्याच्या थोरल्या बहिणीने वाढवलं होतं. ही थोरली बहीण म्हणजे शून्यरावांची बायको. ती शाळेत मास्तरीण होती आणि घरातही होती.

"त्यांच्या संपाची नोंद केलीत का हो?" तिने जेवताना विचारलं.

"भट्टी चालू आहे," शून्यराव ताटाकडे बघत म्हणाले.

"मी काय विचारतेय, तुम्ही काय सांगताय!"

"अगं, कारखान्याची भट्टी पेटती आहे. म्हणजे एक प्रक्रिया चालू आहे. मग नोंद कशी करणार?"

"कोण पेटती ठेवतंय? मालक?"

"छे. त्याला कुठलं येतंय! हेच. पाळ्या लावून दोघंदोघं आत जातात, आच सांभाळतात, आणि बाहेर येऊन पुन्हा संपावर बसतात."

बायकोने डाव खाली ठेवला. "मग वाईट काय केलं त्यांनी? मालकाची भट्टी राखतायत बिचारे."

"वाईट काहीच नाही. पण व्याख्येत बसत नाहीत."

"उन्हात बसलेत, उपाशी बसलेत, मालकाच्या नाकासमोर बसलेत. आता आणखी कशात बसायचं राहिलंय त्यांचं?" असं म्हणून ती उठली आणि भांडी अशी काही आदळली की शून्यरावांनी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा विचार सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी ते कारखान्यावर गेले. सरकारी गाडी कोपऱ्यावर सोडली, न जाणो कुणी पाहिलं तर. फाटकाबाहेर ताडपत्री बांधली होती. काच भरायच्या खोक्यांवर माणसं बसली होती, आणि मागे धुराड्यातून बारीक धूर सरळ वर जात होता. शून्यरावांची नजर त्या धुरावरच खिळली. एवढा एक धूर थांबला, तर सगळं सुरळीत होईल!

फुंक्या नुकताच आतली पाळी करून आला होता. कपाळावरचा घाम पुसत तो हसला. "या भाऊजी. ताईने पाठवलं का?"

"मी आपला आपणहून आलोय." शून्यराव त्याला बाजूला घेऊन कुजबुजले. "हे बघ, तू माझा माणूस म्हणून सांगतो. भट्टी विझवा. एक दिवस विझवा. मी स्वतः येऊन बघतो, आणि नोंद करतो. मग तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही."

फुंक्याचं हसू मावळलं. "भट्टी विझवू?"

"एकच दिवस रे."

"भाऊजी, भट्टीला एक दिवस कळत नाही. ती एकदा थंड झाली की आतली काच दगड होऊन बसते, आणि विटांना तडे जातात. नवी बांधायची म्हणजे वर्ष जाईल. मालक बांधेल का? दुसरीकडे कारखाना काढेल. मग आम्ही परत कुठे जायचं?" त्याला खोकल्याची उबळ आली, ती संपेपर्यंत तो थांबला. "आमच्यात रीत आहे. संप पुकारायच्या आधी भट्टीच्या पाळ्या ठरवायच्या. पाळ्या ठरल्याशिवाय एकही माणूस काम सोडत नाही. आम्ही संप करतोय भाऊजी, स्वतःच्या घराला काडी लावत नाही."

"पण मग तुमचा संप मोजता येत नाही ना!"

"समोर बसलोय की आम्ही. मोजा ना," फुंक्या म्हणाला. शून्यराव घड्याळात बघत निघाले. घाई होतीच. परदेशी पाहुणे विमानतळावर उतरत होते.

कारण त्याच आठवड्यात शहरातल्या सगळ्यात महागड्या हॉटेलात परिषद भरली होती. देशोदेशींचे संप मोजणारे जमले होते आणि एकमेकांचे आकडे शेजारी शेजारी ठेवून तुलना करायची होती. खात्याचे संचालक, म्हणजे मोठे साहेब, नवा सूट शिवून हजर होते. तुलना झाली की सगळ्यात शांत देश म्हणून आपलं नाव पुकारलं जाणार, ढाल मिळणार, आणि पुढच्या वर्षी आपण सचिव होणार, असा त्यांचा हिशोब होता. शून्यरावांनाही त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "माझी खुर्ची रिकामी होईल. बसायला माणूस लागेल."

परिषद म्हणजे नुसती गंमत होती. पहिल्या बाई अशा देशातून आल्या होत्या, जिथे हजाराहून कमी माणसांचा संप धरतच नाहीत. "नऊशे नव्याण्णव माणसं काम सोडून गेली, तर?" कुणीतरी विचारलं. "तर ती फिरायला गेली असं समजतो," बाई शांतपणे म्हणाल्या. तेव्हापासून त्यांना सगळे हजारवाल्या बाई म्हणू लागले. दुसऱ्या देशात सरकारी नोकरांना संपाची बंदी होती, आणि ज्याला बंदी आहे ते घडेलच कसं, म्हणून त्यांचे संप मोजत नव्हते. तिसरा गृहस्थ संप वर्तमानपत्रातून कापून काढायचा. मध्यंतरी छापखान्याच्या कामगारांनी लांबलचक संप केला, वर्तमानपत्रं निघालीच नाहीत, आणि ते त्याच्या देशाच्या इतिहासातलं सगळ्यात शांत वर्ष ठरलं. चौथ्या देशात मालकाने कारखान्याला कुलूप ठोकलं तरी तो संपच धरायचे, दोष कामगाराच्या खात्यात. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! जो तो दुसऱ्याची व्याख्या ऐकून कपाळाला हात लावत होता आणि स्वतःची सांगताना छाती पुढे काढत होता.

एकच हाडकुळा गृहस्थ मागच्या रांगेत गप्प बसला होता. त्याच्या देशात सगळंच मोजत. तासभर थांबलेलं काम मोजत, पाच माणसांचं मोजत, सरकारी मोजत, खासगी मोजत. साहजिकच त्याचा आकडा सगळ्यात मोठा होता, आणि चहाच्या सुट्टीत ज्याच्या घरात कुणी दगावलंय अशा माणसाशी बोलावं तशा आवाजात लोक त्याच्याशी बोलत होते. मोठे साहेब तर त्याच्या टेबलाजवळही फिरकले नाहीत.

दुपारपर्यंत तुलना काही होईना. प्रत्येक आकड्याखाली एकेक तळटीप चढली, तळटिपेला पोटटीप लागली, आणि तक्ता वीतभर नि टिपा हातभर, अशी अवस्था झाली. अखेर सगळ्यात शेवटी ठेवलेलं आपलं शून्य पुढे आलं.

"काल विमानतळावरून येताना आमची बस एका काच कारखान्यावरून गेली," हजारवाल्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "बाहेर बरीच माणसं बसलेली दिसली. फलकही होते. तो काय प्रकार?"

मोठे साहेब पाण्याचा पेला उचलता उचलता थांबले. शून्यराव उभे राहिले. फुंक्याचा खोकला त्यांच्या कानात होता, बायकोने आदळलेली भांडीही होती. "तो संप आहे," एवढं म्हणायचं होतं, आणि एवढ्या सगळ्या साक्षीदारांसमोर म्हटलं असतं तर मोठ्या साहेबांनाही ते पुसता आलं नसतं. त्यांनी तोंड उघडलं. मग मोठ्या साहेबांच्या खुर्चीकडे बघितलं.

"भट्टी पेटती आहे," ते म्हणाले. "त्यामुळे ती माणसं तांत्रिकदृष्ट्या कामावर आहेत."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग शून्यरावांनी व्याख्या सांगितली, आणि चमत्कार झाला. टाळ्या पडल्या! सरकारी नोकरांवाल्याने वही काढली. आपल्याकडे रुग्णालयात संप झाला तरी दिवे चालू असतात, हे त्याच्या लक्षात आलं. कात्रणवाल्याला आगगाड्यांचे सिग्नल आठवले. जो तो आपापल्या देशातली एखादी न विझणारी भट्टी शोधू लागला, आणि ज्याला सापडली त्याचा चेहरा उजळला. संध्याकाळी ठराव झाला: ही व्याख्या सर्व देशांनी स्वीकारावी, म्हणजे आकड्यांची तुलना सोपी होईल. सगळीकडे शून्यच आलं की तुलनेचा प्रश्नच मिटला. हाडकुळ्या गृहस्थाने तेवढा विरोधात हात वर केला. त्याच्या हाताचीही एक तळटीप झाली.

ढाल मिळाली. मोठ्या साहेबांनी शून्यरावांना सगळ्यांसमोर मिठी मारली. शून्यराव हसले, पण त्यांना स्वतःची लाज वाटत होती. ती त्यांनी कुणाला दाखवली नाही, एवढंच.

परिषद संपली आणि कारखान्याच्या फाटकावर सूचना लागली. विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल सर्व कामगारांना कमी करण्यात येत आहे. महिनाअखेर नवी भरती. पाळीवर असलेल्या दोघांना आत सूचना कळली, तरी ते पाळी पुरी करूनच बाहेर आले.

त्या संध्याकाळी फुंक्या घरी आला आणि पाटावर बसावं तसा दाराजवळच जमिनीवर बसला. शून्यरावांची बायको आतून आली. नवऱ्याकडे वळली.

"माझ्या भावाला रस्त्यावर आणलंत. शाबास!"

"मी कुठे आणलं? मी फक्त जे आहे ते..."

"जे आहे ते? सगळ्या जगापुढे सांगून आलात, ती माणसं कामावर आहेत म्हणून. पेपरात आलंय, मी वाचलंय. आज मालक म्हणतो कामावर नव्हती. अहो, मग होती कुठे ती माणसं? संपावर नाहीत, कामावर नाहीत, मग काय हवेत लटकत होती?"

शून्यराव उलट उत्तर द्यायला गेले आणि थबकले. आयुष्यभर व्याख्यांत लोळलेला माणूस तो. बायकोचा जो नुसता संताप होता, त्यात त्यांना दोरीचं टोक दिसलं. प्रक्रिया चालू होती. मालकाला भट्टी सांभाळता येत नाही. मग ती चालू ठेवली कुणी? आणि ज्यांनी चालू ठेवली, ते गैरहजर कसे? त्यांना भीती वाटली, आणि थोडा आनंदही झाला.

सकाळी कचेरीत जाऊन त्यांनी स्वतःच्या सहीशिक्क्याने दाखला दिला: सदर कारखान्यात काम एक क्षणभरही थांबलेलं नाही, कामगारांनी ते नेमून घेतलेल्या पाळ्यांनी अखंड चालू ठेवलं आहे. कामगारांनी तो दाखला श्रम न्यायालयात ठेवला. न्यायाधीशांनी दोनदा वाचला आणि मालकाच्या वकिलाला विचारलं, "काम चालू होतं, तर पगार का दिला नाहीत?"

मोठ्या साहेबांनी शून्यरावांना बोलावून घेतलं. ढाल त्यांच्या मागच्या भिंतीवर चकाकत होती.

"हे काय करून ठेवलंत? मालक मंत्र्यांच्या घरी जाऊन बसलाय! आत्ताच्या आत्ता त्या प्रकाराची संप म्हणून नोंद करा, म्हणजे त्याला पगार तरी द्यावा लागणार नाही!"

"करतो ना साहेब," शून्यराव अगदी नम्रपणे म्हणाले. "शून्याचा एक होईल. मध्यस्थ नेमावा लागेल. ढाल तेवढी परत पाठवावी लागेल, आणि सगळ्या देशांना कळवावं लागेल की व्याख्या चुकली. पत्र तुमच्या सहीने काढू का?"

मोठ्या साहेबांनी ढालीकडे बघितलं, मग टेलिफोनकडे. इकडे आड, तिकडे विहीर. जन्मात पहिल्यांदाच शून्यरावांना मोठ्या साहेबांची मजा वाटली. शून्यरावांना नंतर साहेबांची खुर्ची मिळाली नाही, आणि तळमजल्यावरच्या जुन्या कागदांच्या खोलीत टेबल मिळालं, पण त्या दिवशी ते शीळ घालत घरी गेले.

मालकाला नमतं घ्यावं लागलं. कुणाचीही नोकरी गेली नाही, मधल्या दिवसांचा पगारही मिळाला. बदल्यात प्रत्येक कामगाराने एका ओळीवर सही केली, की या कारखान्यात कोणताही संप झालेला नाही. जुनेजाणते फुंकणारे सही करताना रडले, असं म्हणतात. शून्यरावांच्या बायकोने मात्र त्या दिवशी नवऱ्याच्या आवडीचा स्वयंपाक केला, आणि भांडी अलगद ठेवली.

सुट्टीच्या दिवशी फुंक्या आला. शून्यराव त्याची वाटच बघत होते. भाऊजी, तुम्ही नसतात तर, अशी काहीतरी सुरुवात होईल, आणि आपण हात हलवून, अरे त्यात काय, असं म्हणू, हेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. फुंक्या आणखी खप्पड झाला होता. ताईने पुढे केलेलं पाणी त्याने दोन घोट पिऊन ठेवलं.

"विश्रांती सुरू झाली का रे?" तिने विचारलं.

"नाही ताई. मालकाकडे गेलो होतो आम्ही. म्हणाला, संप झालाच नाही, तुम्हीच लिहून दिलंय. मग मागणी कसली? आता तर फेर आणखी लांबवलाय."

शून्यराव खुर्चीत सरसावून बसले. "पण नोकरी तर वाचली ना, फुंक्या."

"वाचली," फुंक्या म्हणाला. तो खोकला, आणि रुमाल बघून घडी करून खिशात ठेवला. बहीण त्या खिशाकडे बघत राहिली. "तुमच्यामुळेच वाचली, ते काही विसरत नाही. पण एक विचारायचं होतं. आता सगळ्या जगात तुमचीच व्याख्या लागू झालीये म्हणे?"

"झालीये."

"मग मोजला जाईल असा संप करायचा, तर आम्ही काय करायचं?"

शून्यरावांना उत्तर ठाऊक होतं. फाटकाबाहेर, ताडपत्रीच्या बाजूला घेऊन, त्यांनीच ते कुजबुजून सांगितलं होतं. आता ते तोंडातून फुटेना.

"आमचं बोलणं झालंय," फुंक्या सावकाश म्हणाला. "म्हातारे नको म्हणत होते, पण तेही तयार झाले. या खेपेला पाळ्या लावायच्या नाहीत."

"नको रे!" शून्यराव उठूनच उभे राहिले. "असं करू नका. तुम्हीच मराल. भट्टी गेली तर काय राहील तुमच्याकडे?"

"मग पेटती ठेवली, तर मोजाल?"

फुंक्याने हे चिडून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं, आणि तो उत्तरासाठी थांबला होता. बहीणही थांबली होती. तळमजल्यावरच्या जुन्या कागदांच्या खोलीतल्या माणसाला आता काहीच मोजता येणार नव्हतं, आणि जेव्हा येत होतं तेव्हा त्याने मोजलं नव्हतं.

फुंक्याने चपला घातल्या. "येतो ताई," तो म्हणाला. "भट्टीची पाळी आहे."